उसना अनुभव

नमिताच्या गाठीशी स्वतःचं काम जेमतेम आठ महिन्यांचं. बाकीचा बावीस वर्षांचा अनुभव तिने सकाळीच दवाखान्यात मेंदूत भरून घेतला होता, कुणा वारलेल्या बॉयलरवाल्याचा. मुलाखतीत ती कुठेच अडली नाही. मॅनेजर शेवाळे खूश झाले.

"चला, आता बॉयलर दाखवतो."

या कारखान्यात तिने आजच पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. तरी बॉयलरच्या खोलीच्या दारात तिला दरदरून घाम फुटला, आणि गळती चाचपायला हात पालथा धरून ती थेट डावीकडच्या व्हॉल्व्हपाशी गेली. गळत्या वाफेची धग लागली. पळत सुटावंसं वाटलं.

"साहेब, हा व्हॉल्व्ह अजून बदलला नाही?" तिच्या तोंडून आपसूक निघालं.

शेवाळे पांढरेफटक पडले.

"आमचे बॉयलरवाले साळुंखे रोज हेच विचारायचे," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशीसुद्धा."