एक ते चार

"रोज दुपारी आवाज जातोय, भाऊ," भागुजी म्हणाले. महिन्यापूर्वी वारलेल्या मुलीचं, प्रतीक्षाचं, कॉलेजातलं भाषण ते तिच्याच कॉम्प्युटरवर लावून बसत. नारायणगावहून कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या मोहितने स्पीकर, वायरी, लिनक्सची सगळी सेटिंग तपासली. दोष सापडेना. शेवटी भाषण चालू ठेवून दोघं बसून राहिले. एकाच्या ठोक्याला तिचा आवाज वाक्याच्या मध्येच गेला. पडद्यावर तिचे ओठ हलतच होते. मोहितने ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी उघडली. तिथं प्रतीक्षाने लिहिलेली ओळ होती: एक ते चार आवाज बंद, आण्णा झोपतात. पहाटे टोमॅटो घेऊन मार्केटला जाणारे भागुजी दुपारीच झोपायचे. ती गेल्यापासून त्यांचा डोळा लागला नव्हता. "ही ओळ काढतो, आण्णा. मग दिवसभर ऐका तिला." भागुजींनी त्याचा हात धरला. "राहू दे. येवढं अजून करतीय ती. करू दे."