गुरुवारचं उत्तर

“काका, हे पत्र नक्की तुम्हीच लिहिलंय?” ट्रूडीने फोनवर दुसऱ्यांदा विचारलं.

“नाव माझं, सही माझी. अजून काय पाहिजे तुला?” वेंडेल शेफर गुरगुरला.

पत्र छापण्याआधी लिहिणाऱ्याला फोन करून खात्री करून घ्यायची, ही गावच्या साप्ताहिकाची जुनी रीत. संपादक ट्रूडी ती नेमाने पाळायची. वेंडेलला मात्र ती एरवी एका वाक्यात सोडायची. वर्षानुवर्षं त्याचं म्हणणं एकच: बंदूक बाळगणं हा माझा हक्क आहे, सरकारने त्यात नाक खुपसू नये. आणि वर्षानुवर्षं पुढच्या गुरुवारी त्याच जागी आर्लीन कून या निवृत्त शिक्षिकेचं उत्तर. त्यात ती त्याची सालटी काढायची. कॉफी निवेपर्यंत तो ते वाचायचा, टेबलावर मूठ आपटायचा आणि लगेच कोरा कागद ओढायचा. झकास दिवस होते ते.

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायचा त्या दिवशी अख्खं गाव रानात जायचं, शाळेलाही सुट्टी असायची. त्या संध्याकाळी वेंडेल मांसाचं एक पुडकं आर्लीनच्या पायरीवर ठेवायला जायचा.

“तुझी मतं कुजकी, पण मांस ताजं असतं,” ती दारातून म्हणायची.

“मग खा आणि गप्प बस.”

ती खायची. गप्प मात्र कधीच बसली नाही.

यंदा हंगामाच्या आधीच ती गेली. वेंडेल सवयीने पुडकं घेऊन निघाला आणि तिच्या फाटकाशी पोचल्यावर त्याला आठवलं. पुडकं तसंच घेऊन तो परतला. नंतर त्याची दोन पत्रं छापून आली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. दुकानात एकाने तर त्याची पाठ थोपटली. “जिंकलात तुम्ही,” तो म्हणाला. वेंडेलच्या ते फार जिव्हारी लागलं.

“तसं नाही, काका,” आता फोनवर ट्रूडी अडखळली. “यात लिहिलंय की बंदुका कुलपात ठेवायचा कायदा हवा. आणि हट्टी म्हाताऱ्यांच्या तर सगळ्यांत आधी. हे तर आर्लीनबाई लिहायच्या तसं आहे. तुमचं मत बदललं का?”

“माझं मत? काहीतरीच काय.” वेंडेलने घसा साफ केला. “तू छाप. पुढच्या गुरुवारी मी त्याचा चांगला समाचार घेतो.”