तिसऱ्या गिअरचा हिसका

"किल्ली दे," सत्यजित म्हणाला. "अकरा वाजता तो माणूस येतोय गाडी बघायला."

मीनलने किल्ली जॅकेटच्या खिशात टाकली आणि चेन वर ओढली.

"आधी तू चालव. टेकडीच्या चढावर. मग काय विकायचं ते वीक."

सत्यजितने आभाळाकडे पाहिलं. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात इंजिनांवरच पोट भरणारा माणूस तो, आणि त्याला बायकोने गाडी चालवून बघायला सांगावं! गाडी चढावर हिसके देते असं मीनल दसऱ्यापासून सांगत होती. "टर्बो गाडी आहे ती, तुला क्लच सोडता येत नाही," हे त्याचं उत्तर आता पाहुण्यांनासुद्धा पाठ झालं होतं. वर्कशॉपवाल्याने गाडी कॉम्प्युटरला लावली, एकही एरर दिसला नाही, तेव्हा तोही मीनलकडे बघून हसला. नवऱ्याला गाडीतलं सगळं कळतं हे घरात एकदा ठरलं, की बिघाड बायकोच्या पायातच असतो. गाडी विकायचं ठरलं. मीनलचं ऑफिस जिथे होतं तिथे बस जात नव्हती, पण ते कुणी विचारलं नाही.

मीनलचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. बिघाड स्वतः घडवून बघितल्याशिवाय वापरणाऱ्याला दोष द्यायचा नाही, हा त्या कामाचा पहिला धडा. इतके दिवस तिने ऐकून घेतलं. आता पुरे झालं होतं.

"चालव," ती म्हणाली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

सासूबाई, मनोरमाबाई, आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण भांडण गाडीत होणार म्हटल्यावर त्या घरात बसून काय करणार?

सपाट रस्त्यावर गाडी गुमान चालली.

"बघ," सत्यजित म्हणाला.

"इथे माझ्याही हातात अशीच चालते. चढ येऊ दे."

चढ आला. त्याने हळूच दुसरा गिअर टाकला.

"तिसरा टाक. आणि दाब."

"एवढं दाबायची काही गरज..."

"दाब!"

गाडी पुढे झेपावली, कुणी मागून धरल्यासारखी अडली, पुन्हा झेपावली. स्टिअरिंग थरथरायला लागलं. मनोरमाबाईंनी पुढची सीट घट्ट धरली. सत्यजितने क्लच दाबला, सोडला, पुन्हा जोर दिला. पुन्हा तेच.

"तुलाही क्लच सोडता येत नाही वाटतं," मीनल म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. आता मात्र त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. "जोर लागला की टर्बो हवा दाबून आत भरतो," तो स्वतःशीच पुटपुटला. "ती हवा कुठेतरी निसटतेय. सपाटीवर तेवढी लागतच नाही, म्हणून कळत नाही." आत हात घालून त्याने एक जाड काळा पाइप चाचपला. पाइप हातात गोल फिरला. त्याच्या तोंडावरची लोखंडी पट्टी ढिली होती.

"ही पट्टी आवळलेलीच नाही. कुणी उघडलं होतं हे?"

मनोरमाबाई खाली उतरल्या होत्या.

"अरे, तूच की! खंडेनवमीला नाही का पाइप साफ करत बसला होतास? मी पूजेला हत्यारं मागितली, तर म्हणालास, एवढा स्क्रू आवळतो. मीच म्हटलं, हळदकुंकू लागलंय, आज हत्याराला हात लावायचा नाही."

"मग हातानेच फिरवून ठेवलास?" मीनलने विचारलं.

"गेनाऊ, अगदी तसंच," सत्यजित खालच्या आवाजात म्हणाला. "दसऱ्याला आवळणार होतो. पण त्या दिवशी आपण हॅनोव्हरला जेवायला गेलो."

डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने पट्टी आवळली. मीनल स्टिअरिंगवर बसली, सत्यजित शेजारी, मनोरमाबाई मागे. गाडी वळवून ती खाली गेली, पुन्हा चढाला लागली, तिसरा टाकला आणि पाय दाबला. गाडी एका दमात वर आली. मीनलने सत्यजितकडे पाहिलं.

"बघितलंस?"

"बघितलं." सत्यजितने घड्याळ पाहिलं. "बरं झालं सापडलं ते. आता त्या माणसापुढे लपवायला काही नाही. किंमतही चांगली येईल."

मीनलने गाडी थांबवली.

"उतर."

पाइप पुन्हा बघायचा असेल असं वाटून तो उतरला.

"आई, तुम्ही पुढे या."

मनोरमाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पट्टा लावला. "अगं, आणि तो?"

"त्याला चालत जाऊ दे. उतारच आहे."

सत्यजित खिडकीशी वाकला. "मीनल, अकराला तो येईल! त्याला मी काय सांगू?"

"सांग, गाडी बायको चालवतेय. आणि विकायला का काढली होती, तेही सांग. जर्मनमध्ये, नीट."

त्याने खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"हात काढ रे, गार वारा येतोय," म्हणत मनोरमाबाईंनी काच वर केली.