डावी बरगडी

"क्लच हळू सोडा," मास्तर म्हणाले. पण नव्या शिकाऊनं तो आधीच इतका अलगद सोडला होता की गाडीला साधा झटकाही बसला नाही.

"हात आहे हो तुम्हाला," मास्तर खूश झाले. "आमच्या पोराला स्टिअरिंगवर बसवलं की गाडी बेडकासारखी उड्या मारते. त्याचे हात ठोसे मारायलाच केलेत."

"म्हणजे शनिवारी बॉक्सिंगची लढत आहे, ती तुमच्या मुलाची?"

झालं. मास्तरांना एवढंच पुरे होतं. पहिल्या वळणापर्यंत मुलगा शाळेच्या स्पर्धेत पहिला आला. सिग्नल सुटेपर्यंत त्यानं शहराचं सुवर्णपदक घेतलं. गाडी रिव्हर्समध्ये असताना हौशी गटाची अंतिम लढत सुरू झाली, आणि तिथे तो गुणांवर हरला.

"समोरचा हनुवटीवरून हात खाली घेईचना. नुसती भिंत. ह्याचा एकेक ठोसा त्याच्या ग्लोव्ह्जवर. मी पोरावरची नजर हलवली नाही. आमच्या हिला मात्र त्याला मार बसताना बघवत नाही. ती आपली सगळा वेळ पलीकडच्या कोपऱ्याकडे बघत बसते."

आता ते दोघंही व्यावसायिक झाले होते आणि पहिल्याच लढतीत पुन्हा समोरासमोर येणार होते. डोक्याला हेडगार्ड नाही, अंगात बनियन नाही. जिंकणाऱ्याला आयोजक वर्षभराचा करार देणार होता. हरलो तर ग्लोव्ह्ज खुंटीला, असा शब्द मुलानंच दिला होता. मोटार स्कूलच्या दुसऱ्या गाडीवर शिकवणारा त्याचा मामा या महिन्यात काम सोडणार होता. हरला तर मुलगा त्याच्या जागी बसणार. त्या गाडीत पोराला बघायची कल्पनाही मास्तरांना सोसत नव्हती.

"मग जिंकणार ना?" आरसा नीट करत शिकाऊनं विचारलं.

मास्तरांनी काच वर घेतली. "बाबा, कुणापाशी बोलू नका," असं मुलानं कालच बजावलं होतं. पण मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शिवाय हा माणूस परका. लायसन्स मिळालं की आपल्या वाटेनं जाणार.

"तुमच्याआमच्यात ठेवा. डावी बरगडी दुखावलीय त्याची. तिथे एक ठोसा नीट बसला की संपलं."

"अरेरे," शिकाऊ म्हणाला, आणि त्यानं गाडी एका दमात दोन मोटारींच्या मधे लावली. मास्तरांना आपल्या शिकवण्याचा अभिमान वाटला. एरवी नवे शिकाऊ ऑफिस सांभाळणारी बायको मामाकडे द्यायची, कारण मास्तर बोलण्याच्या नादात वळण विसरत. हा मात्र तिनं आपण होऊन त्यांना दिला होता.

ऑफिसात तिनं शिकाऊला विचारलं, "पुढच्या वेळी कधी येताय?"

"आता रविवारनंतरच बघू," तो म्हणाला. तिनं मान डोलावली.

शनिवारी हॉल खचाखच भरला होता. पोरगा रिंगमध्ये आला आणि मास्तर खुर्चीवरच चढले. मागच्यांनी ओरडून त्यांना खाली बसवलं. मग त्यांची नजर पलीकडच्या कोपऱ्यात गेली. प्रतिस्पर्ध्याच्या कानाला लागून एक माणूस बोलत होता. खांद्यावर टॉवेल. तोच, मास्तरांचा हुशार शिकाऊ.

बरगडीची गोष्ट आपण कुणाला सांगितली, ते मास्तरांना आत्ता कळलं. बायकोला सांगायला तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच शब्द फुटेना. ती नेहमीसारखी पलीकडेच बघत होती.

घंटा झाली. पहिला ठोसा डाव्या बरगडीवर. दुसराही तिथेच. मुलगा कळवळला, कोपर पोटाशी घेऊन मागे सरकला. समोरच्याला चेव चढला. दुसऱ्या राउंडमध्ये त्याला मुलाचं तोंड दिसतच नव्हतं, दिसत होती फक्त बरगडी. "सांभाळ रे," मास्तर घसा फुटेस्तोवर ओरडत होते, आणि प्रत्येक ठोसा त्यांच्याच अंगावर बसत होता.

तिसरा राउंड. प्रतिस्पर्धी पुन्हा वाकला, उजवा हात खाली सोडून बरगडीकडे झेपावला. हनुवटी उघडी पडली. मुलाचा डावा हात खालून वळून आला आणि नेमका जबड्यावर बसला. भिंत आडवी झाली.

पंच आकडे मोजू लागले तसा हॉल उभा राहिला. दहा म्हणताच मास्तरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला उचललं, मग बायकोला उचलायला गेले. "अहो, कंबर धरेल," ती म्हणाली, पण हसत होती. आयोजक कराराचं बोलायला स्वतः रिंगजवळ आला. मास्तर रडत होते, नाचत होते, आणि आतून त्यांना खात होतं.

कपडे बदलायच्या खोलीत ते मुलापुढे खाली मान घालून उभे राहिले.

"मी माती खाल्ली रे. तो टॉवेलवाला माझ्याच गाडीत शिकत होता. बरगडीचं मीच त्याला सांगून बसलो. तू दुखणं सोसून जिंकलास, नाहीतर बापानंच तुला बुडवलं होतं."

मुलानं आईकडे बघितलं. ती त्याच्या हातांच्या पट्ट्या सोडवत होती.

"अहो, तो नाव घालायला आला तेव्हाच मी त्याला ओळखलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्या गाडीत बसवला, आणि मग पोराला म्हटलं, बाबांना सांग, डावी बरगडी दुखतेय."