पोटभर ऊन

संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती, जिना उतरणं तर कधीच सुटलं होतं. "सांध्यांच्या गोळ्या चालू ठेवा. पण डी व्हिटॅमिन फार कमी आहे, रोज ऊन खात जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून तिचा गवंडी नवरा उजाडायच्या आत कामावर निघताना तिची खुर्ची गॅलरीत मांडून जायचा. अंधार पडल्यावर परतला की हातांचं सिमेंट धुताधुता विचारायचा, "ऊन खाल्लंस?"

"पोटभर."

आजचा रिपोर्ट पाहून मात्र तो वैतागला. "रोज ऊन खातेस, मग हे आणखी खाली कसं गेलं? मला तर वर दिवसभर ऊन नकोसं होतं."

"माझ्या अंगीच लागत नाही हो."

त्याने तिची बोटं हलकेच हातात घेतली. "काळजी करू नकोस. समोरच्या इमारतीवर आणखी चार मजले चढवायचं ठरलंय. माझं काम चालू राहील, तुझ्या औषधाला काही कमी पडणार नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि सकाळपासून अंगावर असलेली शाल तिने आणखी ओढून घेतली.

त्या इमारतीचा तिसरा मजला त्याने बांधून काढला, तेव्हापासून गॅलरीत ऊन आलंच नव्हतं.