मारीटची काळी रेघ

“यात पॅराफिन नाही ना?” बाईंनी पाचव्यांदा विचारलं.

योरीनने मान वळवून डोळे फिरवले. नेदरलंड्समधल्या झुटफेन गावातल्या या नैसर्गिक प्रसाधनांच्या दुकानात ती सहा वर्षं उभी होती आणि असली गिऱ्हाइकं तिच्या डोक्यात जायची. पासष्टीची बाई, हातात घडीचा कागद, आणि प्रत्येक वेष्टनावरचं बारीक अक्षर त्या कागदाशी ताडून बघायचं. कशासाठी, तर डोळ्याला लावायच्या एका काळ्या पेन्सिलीसाठी!

“नाही हो बाई. मेण, एरंडेल आणि लोहाची काळी भुकटी. बस्स. डोळ्याला काही होत नाही.”

“आणि नायलॉन?”

“ते मस्काऱ्यात होतं. तो मी मघाशीच बाजूला ठेवला. किती वेळा तेच?”

“चूक व्हायला नको, पोरी. ते लोक फार कडक आहेत. काही कृत्रिम दिसलं तर फाटकातच अडवतात.”

“कोण लोक?”

“जंगलातले. उद्या अकराला आहे.” बाईंनी कागदाची घडी नीट केली. “मुलीचं. मारीटचं.”

जंगलातलं लग्न! योरीनला हसू आवरेना. गवतात उभं राहायचं, कच्ची गाजरं खायची आणि निसर्गावर उपकार केल्याच्या तोऱ्यात मिरवायचं. या गावात असल्या शहाण्यांना तोटा नव्हता.

“कपडे तरी चालतात ना? की पानं गुंडाळायची?”

“लिननचा झगा आहे. प्लास्टिकची बटणं सकाळीच उसवली, लाकडी लावली. तिच्या भावाने वेताचं विणलंय सगळं, एक खिळा नाही त्यात. चपला नाहीत. अनवाणीच आहे ती.”

“वा, थाट आहे की!”

बाईंना टोमणा कळलाच नाही. “चौदाव्या वर्षापासून काळी रेघ ओढल्याशिवाय दार उघडायची नाही ती. पोस्टमन आला तरी थांब म्हणायची. रेघ नसली की मला ती मारीट वाटतच नाही. एवढं एक मला तिच्यासाठी करायचंय.”

“मग तिलाच आणायचं होतं. डोळे तिचे, पेन्सिल तिची.”

“ती घरी आहे, पुढच्या खोलीत. शेजारीपाजारी भेटून जातायत. सकाळपासून नुसती कॉफी करतेय मी.”

महाराणीच म्हणायची! घरी लोळायचं आणि म्हाताऱ्या आईने वाऱ्यात सायकल हाणायची. न बघताच ती मुलगी योरीनच्या मनातून पार उतरली.

“आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास थांबायचं. मगच डोळ्याला.”

“तेवढा वेळ नाही.”

“मग डोळे लाल झाले तर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत.”

“लाल होणार नाहीत.”

“आणि ही पाण्याने पसरते. नवऱ्या मुली रडतात, मग गालभर काळे ओघळ.”

“ती नाही रडणार. रडायला आम्ही आहोत.” बाईंनी पेन्सिल उजेडात धरली. “शेवटी कुजते ना ही?”

“कुजते! डोळ्याला लावायचीय की खत करायचंय?” योरीन खो खो हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पैसे दिले आणि पेन्सिल कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

“रेघ ओढताना तिला डोळे मिटून गप्प राहायला सांगा,” योरीन म्हणाली. “पापणी हलली की हात चुकतो.”

बाई दारात थांबल्या. “पापणी नाही हलायची तिची, पोरी.”

दार लागलं. “असल्या नखरेल मुलीला नवरा तरी कसला मिळालाय, देव जाणे,” योरीन पुटपुटली. काउंटरवर बाईंचा कागद राहिला होता. संध्याकाळी मैत्रिणींना वाचून दाखवू, पोट धरून हसतील, म्हणून तिने तो उघडला.

‘डोळ्यांची प्रसाधने’ या ओळीखाली पेनाने दोनदा खूण केली होती. ती बघून झाल्यावर योरीनने वरचं ठळक शीर्षक वाचलं: ‘नैसर्गिक दफनभूमी. मृतदेहाबरोबर मातीत काय ठेवता येईल.’