पडद्याची बॅटरी

वेल्ह्यात तेव्हा लोडशेडिंग फार, म्हणून पुण्याच्या साहेबांनी बंगल्याच्या मोठ्या खिडकीचा मोटारीचा पडदा बॅटरीवर घेतला होता. बॅटरी दोन दिवसांत उतरायची. ती कमी कशी लागेल हे बघायला भोरहून वाजिद वायरमन आला, तेव्हा बनाबाई तिथंच फरशी पुसत होती. जमीन घेताना साहेबांनी तिला शब्द दिला होता, "तुम्ही असेपर्यंत तुमचं घर हलणार नाही, मावशी." त्या शब्दावर ती कुंपणाशी राहत होती.

"मावशी, पडदा दिवसातनं किती येळा खाली-वर होतो?" वाजिदने विचारलं.

"पावनं आलं की खाली, गेलं की वर. रविवारी तर मोजूच नगंस."

"पावन्यांना तोरणा दाखवायचा सोडून पडदा खाली?"

"आरं, तोरण्याच्या आदुगर माजं घर दिसतंय न्हवं! पत्र्याचं, वर गवऱ्या वाळत घातल्याल्या. म्याडमला लाज वाटती," बनाबाई हसत म्हणाली.

वाजिदही हसला. दारात उभ्या साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, पडदा हलला न्हाई तर बॅटरी वरसभर जाईल."

साहेब खिडकीशी आले आणि कुंपणालगतच्या त्या पत्र्याच्या घराकडे बघू लागले.



पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी पडदा दिवसभर वरच होता, आणि आता कामथडीला लेकीकडे राहणाऱ्या, तिथून पहिल्या एसटीने आलेल्या बनाबाईने पाहुण्यांना चहा देता देता त्या खिडकीतून सबंध तोरणा पाहिला.